शेवटच्या बसचा पाऊण तास

या राज्याचा कारभार मुंबईहून चालतो असा लोकांचा समज आहे. माझ्या माहितीप्रमाणे तो बरीच वर्षं बडनेऱ्यातल्या दोन खोल्यांच्या एका घरातून, माझ्या मावसाजींच्या मंजुरीने चालत होता. मावसाजी रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले. त्यांनी हिरवा झेंडा दाखवल्याशिवाय त्यांची मालगाडी कधी जागची हलली नाही, तेव्हा आपण होकार दिल्याखेरीज सरकार तरी कसं हलेल, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. पेपर ते मागच्या पानापासून वाचत. 'नागरिकांच्या हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत' या ओळीवरून आपली सगळ्यांची नजर घसरते. मावसाजींना मात्र ते खास त्यांच्या नावाने आलेलं आमंत्रण वाटे. हातगाड्यांचे नियम असोत, कुत्र्यांचे परवाने असोत की चिखलदऱ्याला गाड्या कुठे लावायच्या, मावसाजी फुलस्केप कागद घेऊन बसलेच. एकदा तर अकोल्याच्या नळयोजनेवर त्यांनी चार पानं लिहिली. "आपन कुठं अकोल्यात राहतो, मावसाजी?" मी विचारलं. "ड्युटीवर बावीस वर्षं अकोल्याचं पानी पेलो मी," ते म्हणाले, "तेवढा हक्क आहे माहा."

गंमत म्हणजे एखादा निर्णय पटला तरी ते पत्र द्यायचेच. 'सदर प्रस्तावास माझी हरकत नाही, पुढे जावे' एवढाच मजकूर, खाली लफ्फेदार सही, आणि वर शिक्क्यानिशी पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. कचेरीतला कारकून एकदा वैतागून म्हणाला, "काका, हरकत नसन तं पत्र काहून देता?" मावसाजी शांतपणे म्हणाले, "मंग मी वाचलं, हे तुमाले कसं समजन?" मावशी म्हणायची, "माह्या सयपाकावर अजून लेखी सूचना आली नाई, तेवढं बरं हाय."

मी त्यांच्याकडे राहून अमरावतीला एका कापडाच्या दुकानात नोकरी करत होते. वडील गेल्यावर गावी आईचं घर माझ्याच पगारावर चालायचं. अशात शहर बसच्या नव्या धोरणाचा मसुदा छापून आला. त्यात अमरावतीहून बडनेऱ्याची शेवटची बस साडेसातला होती. आमचं दुकान बंद व्हायचं आठला. रोज ऑटो करायचा तर पगार थेट ऑटोवाल्याच्याच हातात द्यावा लागला असता. नोकरी सुटल्यातच जमा होती. मी चिडून म्हटलं, "तुमचे कागद कोनी वाचत नाई, मावसाजी. रद्दीत जातात." मला आजही ते वाक्य परत घ्यावंसं वाटतं.

दुसऱ्या दिवसापासून आठ दिवस ते संध्याकाळी आमच्या दुकानासमोर वही आणि घड्याळ घेऊन उभे. प्रत्येक दुकानाचं शटर कधी पडलं, कुलूप कधी लागलं, कामावरच्या बायका कधी निघाल्या, सगळं गार्डच्या शिस्तीने मिनिटासकट टिपून घेत होते. आमच्या शेठला वाटलं करवाले आले. त्यांनी आठही दिवस प्रत्येक गिऱ्हाइकाला न मागता पक्कं बिल दिलं.

हरकतींच्या सुनावणीला हॉलमध्ये शंभर खुर्च्या आणि माणसं तीन: मावसाजी, मी, आणि जमिनीच्या खटल्याच्या तारखेला आलेला पण हॉल चुकलेला एक गृहस्थ. मावसाजींनी उभं राहून वही वाचली. "आठले कुलूप लागते, साहेब. तिथून स्टँड चालत बारा मिनिटं. लेकीबाया धावत येतीन असं धरून टाइमटेबल करू नका. साडेआठ द्या." साहेबांनी मोबाइल बाजूला ठेवला, वही मागून घेतली आणि दोन पानं स्वतः वाचली.

अंतिम आदेशात शेवटची बस सव्वाआठला झाली. मी आनंदाने रडले. मावसाजी मात्र पराभूत चेहऱ्याने म्हणाले, "पंधरा मिनिटं कापलीच. तीन मिनिटात बाईनं रस्ता तरी कसा ओलांडावा?" त्यांची दुसरी हरकत तिसऱ्या दिवशी गेली. तिचं उत्तर आलं नाही.

सामान्य माणसाचं सरकारदरबारी वजन किती, असं कुणी विचारलं तर मी सांगते, पाऊण तास. त्या पाऊण तासावर माझी नोकरी टिकली आणि आईचं घर चाललं. सव्वाआठच्या बसला साड्यांच्या, भांड्यांच्या, औषधांच्या दुकानांतल्या बायका धापा टाकत चढायच्या आणि म्हणायच्या, "बरं झालं बाई, सरकारनं बस ठेवली." ही बस कुणी ठेवली ते त्यांना सांगते, असं मी एकदा मावसाजींना म्हटलं. ते म्हणाले, "राहू दे. सरकारले बी कोनी कधी चांगलं म्हनलं पायजे."

मावसाजी जाऊन आता चार वर्षं झाली. त्यांचं ऐकून मी गप्प राहिले. भरलेल्या त्या बसमध्ये त्यांचं नाव माहीत असलेली मी एकटीच होते, आणि याचं मला अजून वाईट वाटतं.