सुनेनं विणलेले मोजे

आईच्या पायांवर सूज यायला लागली, त्या हिवाळ्यात मी तिला लोकरीचे मोजे विणून दिले. मी अकोल्याला, आई अमरावतीला भावाकडे. पुढच्या खेपेला गेले तर तिच्या नडगीभोवती लाल वळ उमटलेला. मोज्याचं तोंड मांसात रुतलं होतं.

"अवं, मग काढले कावून नाही?"

"पाय थंडे पडते ना बाई."

मोजा तोंडाकडून विणायला घ्यायचा, आणि सुरुवातीचे टाके माझ्या हातून घट्टच पडतात. आईनंच तसं शिकवलं होतं. ढिल्ला टाका म्हणजे गबाळी बाई, असं ती म्हणायची. घरी येऊन मी ते मोजे पार उसवले. दोन सुया एकत्र धरून दोन्हींवर मिळून टाके घातले, मग एक सुई अलगद ओढून काढली. टाके लोंबल्यासारखे दिसले. मला ते बघवेना, पुन्हा उसवले. तिसऱ्यांदा मात्र तसेच राहू दिले, वर एक उलट एक सुलट विणत गेले. तयार मोज्याच्या तोंडात दोन्ही मुठी घालून ताणलं. ताणलं गेलं, सोडल्यावर परत जागेवर आलं. त्या दिवशी मी खरंच खूश होते.

अमरावतीला जाऊन मीच आईच्या पायात ते चढवले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर वळ नव्हता. दुपारी गल्लीतली एक बाई आईला भेटायला आली. मोज्याच्या तोंडात बोट सारून पाहत म्हणाली, "कोनं विनले वं? पायाले काचतच नाही."

आई म्हणाली, "आमच्या सुनेनं. लय जीव लावते मले."

वहिनी चहा घेऊन तिथंच उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं कप खाली ठेवले आणि आत गेली.

ती बाई गेल्यावर मी आईला विचारलं, "खोटं कावून बोलली तू?"

"हळू बोल. तू आता गाडीनं निंगून जाशीन. मले इथंच राहा लागते."

"पण मी विणले ना!"

"तुह्या नावानं मले इथं कोन पानी देईन?"

"मग चल माझ्या घरी."

"आन लोकं काय म्हनतीन तुह्या भावाले?"

तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. बसमध्ये मूर्तिजापूर येईस्तोवर मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते. एकापेक्षा एक उत्तरं सुचत होती. एकही तिच्यापुढं बोलता आलं नसतं, कारण ती म्हणाली ते खरं होतं.

थंडी वाढली तसा मी त्याच तपकिरी लोकरीचा दुसरा जोड विणून अमरावतीला नेला. या वेळी आईच्या खोलीत न जाता आधी स्वयंपाकघरात गेले आणि तो वहिनीच्या हातात दिला. म्हटलं, "तुम्हीच घाला तिला."

वहिनीनं ओल्या हातानंच मोजे घेतले, उलटसुलट करून पाहिले.

"दुसरा रंग नव्हता का?" तिनं विचारलं.