फोटोमावशी निघाल्या परदेशी

सव्वीस वर्षं फोटोमावशींनी गावभरच्या लोकांना परदेशी धाडलं. बसस्टँडमागच्या इवल्याशा स्टुडिओत पासपोर्टच्या फोटोसाठी माणूस स्टुलावर बसवायचा, "हनुवटी वर, कान दिसू द्या, हसू नका" म्हणायचं आणि बटण दाबायचं. लोक उडून गेले; मावशींचा पासपोर्ट मात्र कोरा करकरीत.

एके दुपारी फोन आला. शिकायला परदेशी गेलेली शेजारची मुलगी तिथेच लग्न करत होती. "मावशी, फोटो तुम्हीच काढायचे. तिकीट पाठवते."

मावशींनी फोन ठेवला, शटर अर्धं ओढलं आणि गिरकी घेतली. एक नाही, चांगल्या तीन.

व्हिसा एजंट म्हणाला, "पर्यटक म्हणून अर्ज टाका. कोण विचारतंय?"

"दोन कॅमेरे, चार लेन्स आणि तीन फ्लॅश घेऊन कोणती बाई समुद्र बघायला जाते? कामाला चाललेय, कामाचाच व्हिसा हवा. विमानतळावरूनच परत पाठवलं तर लग्न माझ्यासाठी थांबणार आहे का?"

कागद जमवता जमवता नाकी नऊ आले. नवरीचं पत्र, कामाचे दिवस, शिवाय एकेका कॅमेऱ्याचा नंबर लिहिलेली यादी. तिच्यावर निघतानाच कस्टमचा शिक्का घ्यायचा, नाहीतर परतताना आपलाच कॅमेरा तिकडून विकत आणल्यासारखा कर भरायचा.

राहिला व्हिसासाठी मावशींचा स्वतःचा फोटो. मावशींचे यजमान, म्हणजे काका, कॅमेऱ्यामागे उभे राहिले आणि हुबेहूब मावशींच्या आवाजात म्हणाले, "हनुवटी वर, कान दिसू द्या..." मावशी फिस्सकन हसल्या. तेवीस फोटो, तेवीसही दात काढलेले! शेवटी सासूबाई उठल्या. "व्हा बाजूला," त्या काकांना म्हणाल्या आणि सुनेकडे नुसतं बघितलं. फोटो पहिल्या फटक्यात निघाला. मग मात्र सासूबाईंनाच हसू आवरेना, इतकं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

व्हिसाच्या मुलाखतीला काचेपलीकडच्या साहेबांनी विचारलं, "तिथे फोटोग्राफर नाहीत का?"

"ढिगाने आहेत, साहेब. पण ही मुलगी ऐन वेळी डोळे मिटते. लहानपणापासून. ती कधी मिटणार ते फक्त मला कळतं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "माझी बायकोही मिटते हो! काय करावं?"

"तीनला काढतो म्हणायचं आणि दोनलाच बटण दाबायचं."

आठव्या दिवशी पासपोर्ट घरी आला. मावशींनी तो उघडला, मिटला, परत उघडला. सासूबाईंनी पासपोर्ट उलटा धरून व्हिसाचा शिक्का वाचला आणि सगळ्या गल्लीला सांगून आल्या.

तिकडे उतरल्यावर अधिकाऱ्याने बॅग उघडायला लावली. मावशींनी यादी पुढे केली. तो एकेक नंबर ताडून बघत होता. चौथ्या लेन्सपाशी त्याने मान हलवली आणि हात दाखवला, जा!

मावशी दारातून बाहेर आल्या. कडाक्याची थंडी. घाईने कॅमेरा काढून डोळ्याला लावला तर श्वासाच्या वाफेने काचेवर धुकंच धुकं, समोरचं काही म्हणजे काही दिसेना. गळ्यात कॅमेरा, दोन्ही बाजूंना बॅगा, आणि परक्या रस्त्याच्या कडेला मावशी एकट्याच खदाखदा हसत उभ्या होत्या.