उखळाच्या तळाची चटणी

उचगावात हुसेनबीचा डंक आहे. डंक म्हणजे मिरची कुटायचं यंत्र. विजेवर लोखंडी मुसळं वर-खाली होतात आणि खालच्या उखळात मिरची, मसाला, कांदा-लसूण एकजीव होऊन चटणी तयार होते. आमच्याकडे ही चटणी वर्षाची एकदाच करतात. ती बिघडली, तर घरातला माणूस वर्षभर ताटावर बसून तोंड वाकडं करतो आणि बोलणी बाईला खावी लागतात.

म्हणून उन्हाळ्यात मिरचीच्या डब्याबरोबर बाई स्वतः येते आणि कुटून होईपर्यंत जागची हलत नाही. डंकवाल्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे सासू सुनेला पहिल्याच उन्हाळ्यात शिकवते. कारण प्रत्येक घाण्याला, म्हणजे एका वेळच्या कुटण्याला, उखळाच्या तळाशी थोडी चटणी चिकटून राहते. डंकवाला गडबडीत ती तशीच ठेवतो, दिवसाअखेरी खरवडून घेतो आणि फुकटची चटणी घरी नेतो. सगळे करतात असं नाही, पण करतात असं सगळ्यांना वाटतं.

हुसेनबीनं पहिल्या दिवसापासून एक नेम धरला. घाणा झाला की यंत्र बंद करायचं, वाकायचं आणि ब्रशनं तळ झाडून शेवटची चिमूटसुद्धा बाईच्या डब्यात टाकायची. बाहेर रांग कितीही असो. या झाडण्यात वेळ जायचा. कंटाळून बायका दुसरीकडे जायच्या. तिचा नवरा खिजर रिक्षा चालवतो. स्वभाव म्हणाल तर उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! तो कपाळावर हात मारायचा.

"अगं, अशानं आपलं उखळ कधी पांढरं व्हायचं?"

"मिरचीचं उखळ हाय," हुसेनबी म्हणायची, "लालच ऱ्हाणार."

पहिली दोन वर्षं दुपारी ती डंकापुढं नुसती बसून असायची. तिसऱ्या वर्षी आक्का आल्या.

आक्का म्हणजे गल्लीतलं थोरलं घर. दारात म्हशी, घरात दहा माणसं, आणि जीभ अशी की चटणीला वेगळं तिखट घालायला नको. पूर्वी कुठल्याशा डंकावर त्यांची चांगली ब्याडगी मिरची गेली होती आणि विटेच्या रंगाची चटणी परत आली होती. दुधानं तोंड पोळलेलं. आता त्या ताकही फुंकून पीत होत्या. आल्या त्या घरून आणलेलं स्टूल डंकाला जवळजवळ चिकटवूनच बसल्या.

"कूट," त्या म्हणाल्या. "मी बघतोय."

तेव्हापासून दर उन्हाळ्यात आक्का येत आणि शेजारणीबरोबरही येऊन बसत. उखळावरची त्यांची नजर हटायची नाही. हुसेनबीनं चहा दिला तर कप हातात आणि डोळे उखळात. ती कधी म्हणायची, "आक्का, उन्हाचं कशाला बसतासा? जावा की घरी, सांजच्याला डबा पाठवून देतो." आक्का म्हणायच्या, "न्हाय बाई. बसतो."

हे हुसेनबीला लागायचं. अगदी काळजात लागायचं. गिऱ्हाईक वाढलं, जुन्या यंत्राच्या जागी नवं आलं, खिजरची कुरकुर थांबली, पण तिच्या मनानं धंद्याचं माप वेगळंच धरलं होतं. आक्का डबा ठेवून घरी जातील, त्या दिवशी आपल्या डंकाचा जम बसला म्हणायचा. अकरा उन्हाळे गेले. आक्का काही उठल्या नाहीत.

यंदा लेकीनं, फरहीननं, नवं काढलं. बाजारातून मिरची आणून चटणी करायची, पाकिटं भरायची आणि मोबाईलवरून विकायची. पुण्या-मुंबईची चार-दोन गिऱ्हाइकं मिळालीही. आणि त्याच महिन्यात हमरस्त्यावर एक मोठा, चकाचक डंक निघाला. कानामागून आला आणि तिखट झाला! मग गावात कुजबुज सुरू झाली: पाकिटातली चटणी येते कुठून? आपल्याच डब्यांतून की! कोण पहिल्यांदा बोललं, कुणालाच सांगता येईना. अफवेला पाय फार असतात, बाप एकही नसतो.

भर एप्रिलात हुसेनबीच्या दारातली रांग आटली. "कॅमेरा लावूया," फरहीन म्हणाली. इतकी वर्षं वाकून वाकून कंबर गेली आणि शेवटी चोर ठरलो, एवढंच हुसेनबीच्या डोक्यात घोळत होतं. तिला दोन रात्री झोप लागली नाही.

अशात आक्का आल्या. डबा दिला आणि स्टूल ओढून बसल्या. डंक सुरू झाला. मिरची-मसाला कुटून झाला, आता कांदा-लसूण घालायचा, तेवढ्यात दारात तीन-चार बायका थांबल्या. डबे घेऊन हमरस्त्यावरच्या डंकाकडे निघालेल्या, आक्का इथं बसलेल्या पाहून रेंगाळल्या. त्यांत गल्लीतल्या केरबाची नवी सून मोना होती. तिनंच तोंड उघडलं.

"काकी, त्या पाकिटातली चटणी कुठली वो?"

हुसेनबीच्या हातातली कांद्याची परात तशीच राहिली. यंत्र बंद केलं तर भांडण वाटेल, चालू ठेवलं तर लपवल्यासारखं वाटेल, अशा पेचात ती उभी होती.

आक्कांनी हात लांबवून खटका बंद केला.

"कुठली म्हंजे? बाजारातली. तू मला इचार की," त्या मोनाला म्हणाल्या. "अकरा वर्षं हितं बसलोय मी. कशाला, सांगू? हिला पकडाय! आज घावंल, उद्या घावंल म्हणून डोळ्यांत तेल घालून बसलो. माझ्याच न्हाय, शेजारणींच्या घाण्यालाबी बसलो. एक चिमूट घावली न्हाय. तुम्ही कोण गं, कालच्या?"

आक्का उठल्या. गुडघे धरत, कण्हत उठल्या. पदर खोचला.

"हुसेनबी, कांदा घाल आता. सांजच्याला डबा पाठवून दे. म्हशींचं बघाय पायजे."

आणि चटणी अर्धी उखळात असताना आक्का चालत्या झाल्या.

हुसेनबी त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. ज्याची एवढी वर्षं वाट पाहिली ते घडलं होतं, आनंद झाला होता, आणि तरी आतून भीती वाटत होती. आता चूक झाली तर पकडणारं कुणी नव्हतं. तिनं कांदा-लसूण घातला, मीठ घातलं, डंक चालवला. घाणा झाल्यावर वाकून तळ झाडला. डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं आणि आणखी एकदा तळ झाडला.

मान वर केली तर बाकीच्या बायका आपापले डबे ओळीनं ठेवून निघाल्या होत्या. मोना मात्र गेली नव्हती. तिनं डबा हुसेनबीच्या हातात दिला, आक्कांचं स्टूल पुढं ओढलं आणि जरा ओशाळून त्यावर बसली.

"पहिलाच उन्हाळा हाय, काकी," ती म्हणाली. "सासूबाई म्हणल्या, हलू नगंस."

हुसेनबीला हसू आलं. कालपर्यंत हीच गोष्ट तिच्या काळजाला लागली असती.

"बस की पोरी," ती म्हणाली. "निवांत बघ. मला कुठं जायचंय?"