बाळंतशेपा आणि पुदिना

डाव्या-उजव्याची एवढी काळजी वाहणारा माणूस अख्ख्या बोरिवलीत एकच असेल, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर राहत होता. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले प्रोफेसर. बायको वारलेली. एकुलत्या एका मुलीनं मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून अबोला, ती नाहूरला आणि हे इथे. बोलायला माणूस हवा असे आणि विषय एकच. काही रेणू एकमेकांची आरशातली रूपं असतात, हे ते दारातल्या डाव्या-उजव्या चपलांवरून समजावत. "साधा उजेड दोघांना सारखाच रे. पण मळसूत्रासारखा पीळ असलेला उजेड त्यांच्यावर सोडून बघ. एक रेणू डाव्या पिळाचा उजेड जास्त गिळतो, दुसरा उजव्या पिळाचा. लगेच ओळखू येतात." आमच्या सत्यनारायणाला त्यांनी पाहुण्यांच्या सगळ्या डाव्या चपला वरच्या जिन्यात आणि उजव्या खालच्या जिन्यात नेऊन मांडल्या. माणसं प्रसादाचे द्रोण सांभाळत एका पायावर हिंडत होती आणि हे कठड्याला टेकून म्हणाले, "आता कळला फरक?" त्यानंतर त्यांना कुणी पूजेला बोलावेना.

मुलीचे फोन आमच्याकडे, माझ्या बायकोला येत. लेकीला मुलगी झाल्याचं त्यांना आमच्याकडूनच कळलं. दुसऱ्या दिवशी ते स्टीलचा डबा घेऊन खाली आले. आत स्वतः भाजलेला बाळंतशेपा, अर्धा करपलेला. "वहिनी, बाळंतिणीला लागतो. माझं नाव घेऊ नका." करपलेला वास आल्यावर नाव घ्यायची गरजही पडली नसावी.

डबा रिकामा परत पाठवायचा नाही, ही रीत पोरगी विसरली नव्हती. बायको डबा नाहूरला देऊन संध्याकाळी परतली, तेव्हा तो आला पुदिन्यानं गच्च भरून. "चला, चटणीची सोय झाली," मी म्हणालो. डबा न्यायला आलेल्या प्रोफेसरांनी तो नाकाशी धरला आणि आमच्या उंबऱ्यावरच बसले.

"शेपा आणि पुदिना, दोन्हींच्या वासातला रेणू एकच रे. फक्त आरशातला. लहानपणी दोन मुठी नाकाशी धरून शिकवलं होतं तिला." मग डब्याचं झाकण लावत म्हणाले, "अजून उलटीच आहे माझ्याशी. पण आहे माझीच." बायकोकडे न बघता त्यांनी विचारलं, "ये म्हणाली का?"

तसं ती काही म्हणाली नव्हती. मला फार वाईट वाटलं.

पुदिन्याच्या काड्या त्यांनी गॅलरीतल्या फुटक्या बादलीत लावल्या आणि चटणीला एक पान कुणाला खुडू दिलं नाही. पुढे कितीतरी दिवस आमचा फोन वाजला, की वरचं दार उघडल्याचा आवाज यायचा.