ब्रेकताईंचा उजवा पाय

ब्रेकताई कुठेही बसल्या, की त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधायचा. रिक्षात शोधायचा, बसमध्ये शोधायचा. एकदा सोसायटीच्या हॉलमध्ये लग्नाला आम्ही शेजारी शेजारी जेवत होतो. वाढपी वरणाची बादली घेऊन जरा जोरात वळला, आणि ताईंनी टेबलाखाली फरशी अशी दाबली की त्यांची चप्पलच तुटली. वाढपी थांबला मात्र. ताई म्हणाल्या, "बघ, लागतो की नाही?"

सानपाड्यात त्या फक्त बायकांसाठी गाडी शिकवण्याचा क्लास चालवायच्या. एका पार्लरच्या शेजारी छोटा गाळा होता आणि दारात एक पांढरी गाडी. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक बसवलेली ती गाडी असते ना, तसली. वर्षानुवर्षं डाव्या सीटवर बसून दुसऱ्यांच्या चुका पायाने अडवल्यामुळे त्यांचा पाय तसा झाला होता. त्यांचं खरं नाव बोर्डावर होतं, पण ते कोणी वाचत नसे. तोंडावर 'ताई' किंवा 'मॅडम', आणि मागे सगळ्या ब्रेकताईच म्हणायच्या. हे त्यांना माहीत होतं, आणि आवडायचंही.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. ऐरोलीच्या आमच्या दोन खोल्यांत बाबांनी आणलेल्या चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे, त्यांनाच टेकून मी अभ्यास केला. त्यामुळे क्लासच्या पहिल्याच दिवशी मी ताईंना ऐकवलं की स्टिअरिंग बाईच्या हातात येणं हा सत्तेचा प्रश्न आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "असू दे. आधी सीट पुढे घे. सत्तेपर्यंत पाय पोचत नाहीये तुझा."

गाडी शिकणाऱ्या बाईच्या मागे उभं राहून हॉर्न वाजवणं हा आपल्याकडे पुरुषांचा राष्ट्रीय छंद आहे. कोणी असा हॉर्न लावून धरला की ताई काच खाली करून हात बाहेर काढायच्या आणि अगदी मायेने म्हणायच्या, "जा बाबा, पुढे जा. तुझा मुहूर्त टळतोय." बाहेरच्याशी त्या कधी भांडल्या नाहीत. आतलीला मात्र सोडत नसत. गाडी बंद पडली, की पहिला शब्द "क्लच" आणि दुसरा काय येईल ते नशिबावर. "क्लच सोडतेस की दूध उतू जातंय?" "पाय आहे की पाटा?" आम्ही हसायचो, कानकोंड्या व्हायचो आणि पुन्हा चावी फिरवायचो.

हसू न येणारी एकच होती, संगीता. ती करावे गावची. घरचा मासळीचा धंदा, दारात स्वतःचा छोटा टेम्पो, आणि टेम्पो चालवणारा नवरा त्याला जाग येईल तेव्हा उठणारा. मासळी मार्केटला पोचायची तेव्हा चांगली गिऱ्हाइकं घरी जाऊन जेवलेली असायची. टेम्पो आपणच चालवायचा, एवढ्यासाठी ती शिकायला आली होती. हात पक्का, नजर पक्की. पण अर्धा तास झाला की सिग्नलला तिची गाडी हमखास बंद पडायची. एकदा लागोपाठ तशी बंद पडली तेव्हा ताई वैतागून म्हणाल्या, "तुझ्या पायात जीवच नाही गं. तुला नाही जमायचं." दुसऱ्या दिवसापासून संगीता आली नाही. घरीही तिला रोज हेच वाक्य ऐकू येत होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

त्या दोन-तीन महिन्यांत अशा आणखी काहीजणी गळल्या, रेश्मा आणि देसाईबाई त्यांतल्याच. ताई म्हणायच्या, यंदाची बॅचच कच्ची आहे.

मग एका दुपारी माझा तास संपल्यावर ताई स्वतः चालवायला बसल्या आणि मी डावीकडे. पाम बीच रोडवरून परत येताना सिग्नल हिरवा झाला, गाडी दोन हात पुढे सरकली आणि गप्पकन बंद पडली. मागे हॉर्न सुरू झाले. ताई समोर बघत राहिल्या. त्यांचे दोन्ही पाय जिथे असायला हवे होते, तिथेच होते. मला राहवलं नाही. मी विचारलं, "ताई, क्लच?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखादी गोष्ट मागून पुढे आठवत जावी, तसं बघितलं. सानपाड्याला पोचल्यावर त्यांनी आधी गॅरेजला फोन लावला.

तुर्भ्याच्या गॅरेजचे रफिकभाई ताईंच्या गाडीचे जुने डॉक्टर. त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी दोन दिवस राहिली आणि सासरी आलेल्या सुनेसारखी वागली. एकदाही बंद पडली नाही. शेवटी तेच क्लासवर आले. म्हणाले, गाडी गरम झाल्यावरच पडते ना, मग करूया गरम. त्यांना संशय होता गाडीच्या ईसीएमवर. इंजिनाला पेट्रोल किती, ठिणगी कधी, हे सगळं ठरवणारा तो चपटा डबा. गाडीचा मेंदूच म्हणा. त्याच्या आत एखादा टाका सुटत आला असेल, तर तापला की तुटतो आणि निवला की जुळतो, असं त्यांचं म्हणणं. बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पार्लरमधून केस वाळवायचा ड्रायर मागितला.

लांब वायर लावून ड्रायर बाहेर आला. तोंडाला लेप लावलेल्या दोन बायकाही बाहेर आल्या. रफिकभाईंनी त्या डब्यावर गरम वारा सोडला. थोडा वेळ काही झालं नाही. मग इंजिन बंद पडलं. हुबेहूब तसंच, जसं आमच्या हातून बंद पडायचं. गाडीत कोणीच नव्हतं. क्लचवर कोणाचाही पाय नव्हता.

"रेश्मा," ताई म्हणाल्या.

डबा निवू दिला, गाडी चालू केली, पुन्हा वारा सोडला. पुन्हा बंद.

"देसाईबाई."

रफिकभाई म्हणाले, समझ गया ताई, बस झालं. ताई म्हणाल्या, अजून एकदा करा. त्यांनी केलं. इंजिन थांबल्यावर ताई त्या डब्यावर वाकल्या. मग हळू म्हणाल्या, "आणि संगीता."

माझ्या डोक्यात तोवर अख्खं पत्रक तयार झालं होतं. बिघाड यंत्रात, आणि इतक्या बायकांपैकी एकीलाही यंत्राचा संशय आला नाही! प्रत्येकीने निमूटपणे स्वतःच्या पायाकडे बघितलं. हेच तर आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. गाडी पुरुष शिकत असते, तर दुसऱ्याच दिवशी त्यांनी गाडीला शिव्या घालून फी परत मागितली असती. हे मी आजही म्हणते आणि कोणाच्याही तोंडावर म्हणेन. मी ताईंना सांगितलं, माफीचं एक पत्रक काढू, मी लिहिते, सगळीकडे वाटू. त्या म्हणाल्या, "तू लिही. पण मी बोलले होते ते तोंडाने. आता जाऊन सांगायचं तेही तोंडानेच."

जुना डबा दुरुस्त करून स्वस्तात भागेल, असं रफिकभाई म्हणत होते. ताईंनी नवाच घ्यायला लावला. शिकणाऱ्याच्या गाडीत 'बहुतेक' चालत नाही, म्हणाल्या. नवा डबा बसवल्यावर गाडी चालूच होईना, कारण तो जुन्या चावीला ओळखत नव्हता. लॅपटॉप लावून रफिकभाईंनी दोघांची ओळख करून देईपर्यंत ताई बाजूला उभ्या राहून त्या डब्याची बाजू घेत होत्या. "बरोबरच आहे त्याचं. अनोळखी माणसाबरोबर जायचं नाही, हे मीच शिकवते." रफिकभाईंनी बजावलं, दोन दिवस गाडी जरा अडखळेल, नवा डबा हळूहळू शिकेल. ताई खूश झाल्या. शिकाऊ गाडीचा लाल एल आजवर फक्त आमच्यासाठी होता, आता तो गाडीसाठीही लागू झाला.

मग जुना डबा पिशवीत घालून ताई घरोघर निघाल्या. करावेला मी बरोबर होते. संगीताचा नवरा अंगणात जाळं विणत बसला होता. ताईंनी दारातच सांगून टाकलं, "संगीता, चूक गाडीची होती. आणि गाडीपेक्षा माझी जास्त. गाडीला बोलता येत नव्हतं. मला येत होतं, आणि मी नको ते बोलले."

नवरा जाळ्यातून मान वर न करता म्हणाला, "तिला नाय जमाचा मॅडम. मी तवाच सांगितला व्हता."

ताईंनी पिशवीतून डबा काढला आणि त्याच्यासमोर ठेवला. "जमत नव्हतं ते याला. काय सांगायचं ते याला सांगा."

त्याने डबा उलटसुलट करून पाहिला. मग तो खाली ठेवून पुन्हा जाळं विणू लागला. संगीता आतून पाणी घेऊन आली, आणि तांब्या देताना ताईंना म्हणाली, "मना वाटला, माजाच पाय खोटा हाय." ताईंनी पाणी न पिता तांब्या तसाच हातात धरून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी संगीता क्लासच्या दारात उभी होती.

तो डबा पुढे क्लासच्या टेबलावर बसला. नवी बॅच आली, की ताई आधी त्याची ओळख करून देत. गाडी बंद पडली, की त्या अजूनही "क्लच" म्हणायच्या, पण प्रश्न विचारल्यासारखं. आणि उत्तर येईपर्यंत थांबायच्या. ताईंसारख्या तडतड्या बाईला ते थांबणं किती जड जात असेल, हे मी शेजारी बसून पाहिलंय.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी त्यांना क्लास बंद करायला लावला. भाऊ चिपळूणजवळ राहतो, तिकडे जायचं ठरलं. सामान न्यायला टेम्पो आला तो करावेचा. चालवायला संगीता. पुढे आम्ही तिघी दाटीवाटीने बसलो, ताई खिडकीशी. मी सवयीने त्यांच्या पायाकडे बघत होते. पनवेल जवळ येईपर्यंत तो आपलं काम चोख करत होता. ट्रक आडवा आला की दाब, कुत्रं आलं की दाब. मग मी रस्त्याकडे बघू लागले, आणि पुन्हा खाली पाहिलं तेव्हा चप्पल एकीकडे होती आणि पाय एकीकडे, सैल कलंडलेला. ताई खिडकीला डोकं टेकून गाढ झोपल्या होत्या.

मी संगीताला कोपराने खुणावलं. तिने वाकून तो पाय पाहिला, आणि पाहता पाहता सिग्नलला तिचा टेम्पो बंद पडला. मागे लगेच हॉर्न सुरू झाले. ताई जाग्या झाल्या नाहीत.

"आज मातर माजाच पाय खोटा हाय," संगीता माझ्या कानाशी म्हणाली, आणि आवाज न करता हसत तिने चावी फिरवली.