दीड फूट दांडा

फावड्याचा दांडा दीड फूट कापायला मीच सांगितलं. सुताराचा काही दोष नाही. त्याने उलट दोनदा विचारलं होतं.

मी दुकानांची अंतर्सजावट करतो. मीरा रोडला एका कपड्यांच्या कंपनीचं दुकान करायला मिळालं. त्यांची अट अशी, की आत शिरताच ब्रँडही दिसावा आणि शहरही. मी उत्साहाने मरीन ड्राइव्हचा वळसा काढून नेला. कंपनीच्या बाई चित्र बघून म्हणाल्या, ही तर मुंबई झाली, मीरा रोड कुठाय? पंधरा वर्षं इथल्याच पूनम सागरमध्ये राहतोय, तरी चित्र गुंडाळून परत आलो.

वाट सुतारानेच दाखवली. तो मीरा रोडच्याच पेणकरपाड्यात भाड्याने राहायचा; तिथल्या घरमालक आजोबांकडे मिठागरात मीठ ओढायचं लाकडी फावडं होतं. त्यांच्या वडिलांचं. मिठागर गेलं, बिल्डिंगी आल्या, माळ्यावर हे तेवढं उरलं. आजोबा पटकन तयार झाले नाहीत. मग नाती दुकानात जातील, पणजोबांची वस्तू बघतील, असं स्वतःशीच म्हणत त्यांनी ते खाली काढलं. दांड्याच्या टोकाशी लाकूड झिजून खोलगट झालं होतं. माझा हात धरून त्यांनी तिथे टेकवला.

"बापाचा हात हाय ह्यो."

मी म्हणालो, "टेक्श्चर मस्त आहे."

दुकानात फावड्यासाठी दिव्यांचा कोनाडा केला, कंपनीच्या केशरी रंगात. फावडं त्यात मावेना. माप माझंच चुकलेलं, पण रंग वाळला होता आणि उद्घाटन उद्यावर आलं होतं. टोकाकडून कापलं. वर पॉलिशही मारून घेतलं.

उद्घाटनाला आजोबा इस्त्रीचा सदरा घालून, नातींना घेऊन आले. कोनाड्यापाशी गेले, हात वर नेला आणि दांड्याचं टोक नुसतं चाचपत राहिले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. कापलेला तुकडा शोधायला मी मागच्या दाराकडे धावलो. भंगाराचा टेम्पो सकाळीच गेला होता.

आजही त्या दुकानासमोरून जायचं झालं, तर मी पलीकडच्या फुटपाथने जातो. त्या दिवशी मात्र मी परत येऊन त्यांना कोनाड्याची उंची, लायटिंग, सगळं समजावत बसलो. गप्प राहायची अक्कल तेवढी सुचली नाही.

आजोबांनी ऐकून घेतलं. मग कोनाड्याच्या केशरी प्लायवूडवर बोटाने दोनदा टकटक केलं.

"भित तं नवी हाय ना? मंग ती कापाची व्हती, येड्या."