डाव्या चाकापाशी ऐकलेलं

आधीच सांगून टाकतो. मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. दरवर्षी वर्गात कुणीतरी भुताचा विषय काढतंच, आणि दरवर्षी मी त्याला उभं करून पुरावा मागतो. त्यामुळे हे इथं लिहिताना माझं मलाच हसू येतंय. पण घडलं ते घडलं... आणि काटछाट करून सांगायची मला सवय नाही.

आमचं घर विंझरला, वेल्ह्याकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून. पाच वर्षांपूर्वी बांधलं. त्याआधी तिथं भाताचं खाचर होतं. 'जागेवर कुणी गेलं होतं का' असं खाली कमेंटमध्ये विचारणारे असतातच, म्हणून आत्ताच सांगतो – नाही. बेडूक सोडून कुणी नाही.

गोष्ट फेब्रुवारीतल्या एका शनिवारची. शाळा सकाळची होती. दुसऱ्या दिवशी आठ वाजता मला वर धनगरवाडीत गाडी न्यायची होती. तिथले धोंडूमामा, त्यांची सून मंगल. मंगल माझीच जुनी विद्यार्थिनी. तिला नववा महिना लागलेला, नवरा मेंढरं घेऊन खाली गेलेला, आणि वाडीवर एसटी जात नाही. तिला भोरला मावशीकडं पोचवायचं, म्हणजे दवाखाना जवळ. जीप सांगतो म्हणत होते मामा. मीच म्हटलं, "जीप कशाला? मी आहे ना!"

आणि नेमकं त्याच आठवड्यात माझ्या गाडीच्या पुढच्या ब्रेकचं ऑईल गळायला लागलं. गॅरेजला टाकायची सोडून मी सील-किट आणलं. म्हटलं, त्यात काय एवढं? व्हिडिओ बघितले, दोन्ही चाकांचे कॅलिपर काढले. कॅलिपर म्हणजे चाकाच्या डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळून धरतो तो लोखंडी भाग. डावा-उजवा कळावा म्हणून त्यांच्यावर 'डा' आणि 'उ' लिहिलं. कशानं? तर शर्टाच्या खिशात होता त्या खडूनं. मग दोन्ही एकाच घमेल्यात टाकून साबणाच्या पाण्यानं घासून लख्ख केले. आता कळलं ना काय झालं? मला तेव्हा नाही कळलं. शिकलेल्या माणसाचं डोकं कधी कधी असं चालतं.

बसवून झाल्यावर ब्रेकची हवा काढायची. त्याला दोन माणसं लागतात. एकानं सीटवर बसून पेडल दाबायचं आणि दाबून धरायचं. दुसऱ्यानं चाकापाशी बसून कॅलिपरचं निपल, म्हणजे हवा काढायची बारकी तोटी, जरासं ढिलं करायचं. म्हणजे ऑईलबरोबर बुडबुडे बाहेर येतात. निपल आवळलं की पेडल सोडायचं. सीटवर माझी बायको सुनीता होती. मी ओरडायचो, "दाब... दाब... धर!" ती म्हणायची, "धरलं!"

बारापासून तीनपर्यंत हेच चाललं. दोन बाटल्या ऑईल संपलं. बुडबुडा एक येईना, आणि पेडल मात्र लोण्यात पाय घातल्यासारखं खाली जायचं. तीनदा पंप मारला की चौथ्याला कुठं ब्रेक लागायचा.

मी चिडलो. म्हटलं, "तुला नीट धरताच येत नाही."

ती उतरली. ती उत्रोलीची. एरवी माझ्यासारखंच बोलते, पण डोकं फिरलं की तिची माहेरची भाषा बाहेर येते आणि मी 'अहो'चा 'सर' होतो. "व्हय सर! म्या धरलं न्हाई म्हणून तुमची गाडी बिघडली! तुमी तेवढं शाणं!"

मी सीटवर बसलो, तीन वेळा पंप मारला, ब्रेक लागला. म्हटलं, लागतोय की! आणि बसल्या-बसल्या धोंडूमामांना फोन केला. "मामा, गाडी झाली. उद्या आठला येतो."

"झाली ना नीट? उताराचा रस्ता हाय, सर. पोर अवघडलेली हाय."

"एकदम ओके," मी म्हणालो.

हे वाक्य लक्षात ठेवा. मला विसरता आलेलं नाही.

मग घरामागं मोरीवर जाऊन हात धुतले. परत आलो, पण चैन पडेना, म्हणून डाव्या चाकापाशी पुन्हा बसलो. उगीच, शेवटचं एकदा बघू म्हणून. पान्हा निपलला लावला आणि सीटची स्प्रिंग कुरकुरली. मला वाटलं, आली बाई परत. समजूत काढायच्या फंदात पडलो नाही. म्हटलं, "दाब."

पेडलचा आवाज आला. फस्... फस्...

"धर."

"धरलं."

डिस्क हातानं फिरवून बघितली – आवळलेली होती. निपल उघडलं. ऑईल आलं, बुडबुडा नाही. असं तीनदा झालं. मग वरून, अगदी शांतपणे –

"निपल खाली हाय, सर. हवा वर जाती."

मी म्हणालो, "मला शिकवू नकोस." आणि बोलता बोलता बघितलं, तर निपल खरंच कॅलिपरच्या खालच्या अंगाला. ते वर असायला पाहिजे. डावा कॅलिपर उजवीकडं आणि उजवा डावीकडं बसला होता! हवा वरच्या कोपऱ्यात आरामात बसून राहिलेली, आणि मी तीन तास खालून ऑईल काढतोय. हवा पाण्यातून वर जाते हे मी पोरांना बाटली घेऊन करून दाखवतो हो! लाज वाटली.

खात्री करायची म्हणून तो कॅलिपर बोल्ट काढून सोडवला, निपल वर येईल असा उलटा हातात धरला आणि डिस्कच्या जागी मध्ये लाकडाचा ठोकळा घातला. "दाब... धर." "धरलं." ठोकळा गच्च आवळला गेला. निपल उघडताच खळखळून हवा आली. "सोड" म्हटलं की ठोकळा सैल. पाच-सहा वेळा केलं. शेवटी नुसतं ऑईल यायला लागलं.

मी उठलो. राग केव्हाच गेला होता. म्हटलं, "अगं, तू तर मेकॅनिक निघालीस –"

सीटवर कुणी नव्हतं.

दार उघडायला गेलो. लॉक. चारही दारं लॉक. ड्रायव्हरकडची काच चार बोटं खाली होती, बस्स. घराला कुलूप. मी तिथंच उभा राहिलो. भीती वाटली का, तर नाही... पण चारही दारं पुन्हा एकदा ओढून बघितली एवढं खरं. त्याला काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा.

दहा-पंधरा मिनिटांनी सुनीता रस्त्यानं येताना दिसली, डोक्यावर पिठाचा डबा. मी मोरीवर असताना ती घराला आणि गाडीला कुलूप घालून गिरणीत गेली होती. गाडी उघडी ठेवलेली तिला चालत नाही. घराची नि गाडीची किल्ली एकाच रिंगमध्ये, ती तिच्या हातात. "गिरणीत रांग होती," म्हणाली, "तासभर गेला. तुमचं तोंड असं का झालंय?"

मी सांगितलं. तिनं डबा खाली ठेवला, गाडीकडं बघितलं आणि म्हणाली, "आधी कॅलिपर बदला. घाबरायचं नंतर बघू." दिवस मावळायच्या आत आम्ही दोघांनी दोन्ही कॅलिपर अदलाबदल करून बसवले, सगळी हवा काढली. पेडल दगडासारखं झालं.

नंतर मी यावर पुष्कळ विचार केला आहे. ऑईल आपोआपही खाली येतं, मान्य. आवाज माझ्याच डोक्यातला असेल, मान्य. निपल खाली आहे हे डोळ्यांनी आधीच टिपलं असेल आणि मेंदूनं ते आवाजात सांगितलं असेल, हेही मान्य. पण ठोकळा? पेडल दाबल्याशिवाय तो आवळला जात नाही. आवळायचा, सैल व्हायचा, माझ्या शब्दासरशी. बंद गाडीत पेडल कुणी दाबलं? आवाज बाईचा होता की पुरुषाचा, तेही आता सांगता येत नाही. आणि मला सर म्हणणारी माणसं या भागात गावोगाव आहेत.

रविवारी मंगलला घेऊन निघालो. धोंडूमामा पुढं, ती मागं, पोटावर हात धरून. वाडीच्या उताराला तिसऱ्या वळणावर एकदम म्हशी आडव्या आल्या. डाव्या अंगाला दरी. मी पाय ठेवला आणि गाडी जागच्या जागी थांबली. पहिल्याच दाबाला. तीनदा पंप मारायला तिथं जागा नव्हती.

मामांना चाकापाशी घडलेलं मी वाटेत सांगितलं. ते म्हणाले, "कोण का असंना. सांगितलं ना त्यानं? मग झालं तर." फोनवर 'एकदम ओके' म्हणालो तेव्हा ब्रेक कसा होता, ते मात्र मी सांगितलं नाही. सुनीतालाही नाही. गाडी तशीच न्यायचं मी ठरवलं होतं, हे इथं पहिल्यांदाच लिहितोय.

मंगलला मुलगी झाली. सव्वा महिन्यानं ती बाळाला घेऊन बर्फी द्यायला घरी आली. म्हणाली, "सर, तुमी होता म्हणून आमी दोघी सुखरूप पोचलो." आणि पोर माझ्या मांडीवर ठेवली. सुनीता कौतुकानं माझ्याकडं बघत होती. मला वर बघवेना. मी पोरीच्या मुठीत बोट दिलं.